रूट कॅनालचं पुढचं शिक्षण: दोन दिवसांची कार्यशाळा की पूर्णवेळ अभ्यासक्रम?

निळीशाई:

नमस्कार मंडळी. धागा मुख्यतः दंतवैद्यांसाठी आहे, पण ज्यांनी खुर्चीत बसून रूट कॅनाल करून घेतलंय त्यांनीही लिहावं.

पदवी घेऊन मला सात वर्षं झाली. स्वतःचा दवाखाना आहे आणि त्यात सगळंच करते: दात काढणं, फिलिंग, कॅप, कवळ्या, लहान मुलांचे दात. रूट कॅनालही करते. पुढचे दात आणि उपदाढा निर्धास्तपणे, दाढा मात्र थोड्या धाकधुकीनं.

मागच्या महिन्यात माझी एक दाढ परत आली. वरची पहिली दाढ, डावी. आठ महिन्यांपूर्वी मीच तिचं रूट कॅनाल केलं होतं. तीन कॅनाल (मुळांतल्या बारीक नळ्या) सापडले, साफ केले, भरले. शेवटचा एक्सरे बघून मला समाधान वाटलं होतं. आता त्या बाई म्हणाल्या, चावताना दुखतंय. मी आधी कॅप उंच लागतेय का बघितलं, थोडी घासली. पंधरा दिवसांनी त्या पुन्हा आल्या. मग मी त्यांना एका एन्डोडॉन्टिस्टकडे, म्हणजे रूट कॅनालच्या विशेषज्ञाकडे, पाठवलं. त्यांनी कॅपमधूनच दाढ उघडली आणि मायक्रोस्कोपमधून काढलेला फोटो मला पाठवला. पुढच्या गालाकडच्या कॅनालपासून जेमतेम दोन मिलिमीटरवर, टाळूच्या बाजूला, एक बारीक तोंड होतं. चौथा कॅनाल. त्या जागेवरून मी आरसा कितीदा फिरवला असेन, पण मला ते दिसलं नव्हतं.

बाई चिडल्या नाहीत. "तुम्ही पाठवलंत म्हणून कळलं तरी," एवढंच म्हणाल्या. ते मला जास्त लागलं.

तेव्हापासून डोक्यात एकच विचार आहे. दोन दिवसांच्या कार्यशाळा पुष्कळ आहेत, वर्षभराचे अर्धवेळ अभ्यासक्रम आहेत, आणि दोन ते तीन वर्षांचं पूर्णवेळ विशेष शिक्षण आहे. पूर्णवेळ म्हणजे दवाखाना बंद ठेवणं किंवा दुसऱ्याच्या हाती देणं. ज्यांनी केलंय त्यांनी सांगा: तिथे नेमकं काय शिकायला मिळतं, जे मला पुस्तकं वाचून आणि व्हिडिओ बघून मिळणार नाही?

उत्तररात्र:

अगदी माझीच गोष्ट लिहिलीत. माझी खालची दुसरी दाढ होती, एवढाच फरक. वाचनखूण साठवली आहे, प्रतिसाद वाचत राहणार.

आरसा:

निळीशाई, आधी त्या चौथ्या कॅनालबद्दल. मी गेली बरीच वर्षं एन्डोडॉन्टिक्स शिकवतो. शिकायला येणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या मागे असाच एखादा दात असतो. वरच्या पहिल्या दाढेच्या त्या मुळात दुसरा कॅनाल असतो, आणि इलाज फसण्याचं ते एक कारण आहे, हे वाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली लिहून ठेवलं. तरी तो आजही सुटतो, कारण त्याचं तोंड उघडं नसतं. त्यावर डेंटिनचा (दाताच्या आतल्या कठीण थराचा) एक छोटा कठडा आलेला असतो. तो कठडा अल्ट्रासॉनिक टोकानं, प्रकाशात आणि मोठं करून बघत, हळूहळू उतरवावा लागतो. आरसा शंभर वेळा फिरवूनही कठड्याखालचं काही दिसत नाही. त्यामुळे नजर कमी पडली असं मनाला लावून घेऊ नका. त्या जागी कठडा असतो हे ठाऊक असणं आणि तो उतरवण्याचं धाडस असणं, या दोन गोष्टी शिकाव्या लागतात.

आता मूळ प्रश्न. आमच्याकडे पहिले काही महिने नव्या विद्यार्थ्याला पेशंट मिळत नाही. काढलेले दात मिळतात, पाण्यात ठेवलेले, कोरडे पडू न दिलेले. (ज्या दातात चांदीचं फिलिंग आहे तो वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हमध्ये घालू नये, पाऱ्याची वाफ निघते. ते दात फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात. हे अनेकांना माहीत नसतं म्हणून मध्येच सांगतो.)

पहिलं काम: दात उघडायचा आणि पल्प चेंबरचा, म्हणजे दाताची नस असते त्या आतल्या पोकळीचा, तळ नुसता बघायचा. फाईल (कॅनाल घासायची सुईसारखी बारीक कानस) हातात घ्यायची नाही. क्रॅस्नर आणि रँकाऊ यांनी ५०० दात कापून पाहिले आणि २००४ मध्ये चेंबरच्या तळाचे काही नियम मांडले. तळाचा रंग भिंतींपेक्षा नेहमी गडद असतो. कॅनालची तोंडं जिथे तळ आणि भिंत मिळतात तिथेच असतात, आणि त्यातही कोपऱ्यांत. वाचायला हे पाच मिनिटांचं आहे. पण विद्यार्थ्याला मी विचारतो, "तळ संपून भिंत कुठे सुरू होते, ती रेघ मला सगळीकडून दाखव." पहिल्या आठवड्यात ती कुणालाच पूर्ण दाखवता येत नाही. एका बाजूला रेघ हरवते. जिथे हरवते तिथे बहुतेक वेळा चेंबरचं छत थोडं राहिलेलं असतं, किंवा तो कठडा असतो. हे ज्याच्या डोळ्यांत बसलं तो पुढे आपोआप थांबतो: रेघ पूर्ण झाल्याशिवाय पुढे जात नाही.

दुसरं काम जास्त त्रासदायक आहे. काढलेल्या दाताचं सगळं रूट कॅनाल करायचं: हातच्या फाइलींनी, मग मोटरवर फिरणाऱ्या रोटरीनं, धुणं, भरणं, एक्सरे. एक्सरे सुंदर येतो. मग त्याच दाताची मुळं आडवी कापायची, चकत्या करायच्या आणि मायक्रोस्कोपखाली ठेवायच्या. चकतीत दिसतं की कॅनाल गोल नव्हताच, चपटा होता, चिंचोळ्या फटीसारखा. फाईल मधोमध गोल फिरली आणि दोन्ही टोकांना गाळ तसाच राहिला. एक्सरेत हे दिसत नाही, कारण एक्सरे समोरून घेतलेला असतो आणि कॅनालचा चपटेपणा गालाकडून जिभेकडे असतो. पीटर्स आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मायक्रो-सीटीवर (अतिसूक्ष्म त्रिमितीय एक्सरेवर) मोजलं, तेव्हा कुठलीही फाईल वापरली तरी भिंतीचा ३५ टक्के किंवा त्याहून जास्त भाग स्पर्शाशिवाय राहिलेला आढळला. हा आकडा मी दरवर्षी सांगतो. पण विद्यार्थी गप्प होतो तो स्वतःच्या दाताची चकती बघून. सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशक द्रावणानं वीस-वीस मिनिटं धुण्याचा कंटाळा त्यानंतर कुणी करत नाही.

मग पेशंट. तिथे प्रत्येक टप्प्यावर मार्गदर्शक येऊन बघतो: भूल देण्याआधी निदान, दात उघडल्यावर तळ, मुळाची लांबी, गट्टापर्चाची (कॅनाल भरायच्या रबरासारख्या पदार्थाची) मुख्य शंकूसारखी कांडी किती घट्ट बसते, आणि शेवट. कुठेही "थांब, परत कर" असं ऐकू येऊ शकतं. आठ-दहा वर्षं दवाखाना चालवलेल्या माणसाला हे ऐकणं सुरुवातीला जड जातं. मला गेलं होतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. स्ट्रिंडबर्ग यांनी १९५६ मध्ये आपल्या पेशंटांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून दाखवलं की मुळाच्या टोकाचं हाड भरून यायला बराच काळ लागतो. आजही युरोपातल्या एन्डोडॉन्टिक संघटनेची सूचना आहे की किमान एक वर्षानं एक्सरे घ्यावा, आणि शंका असेल तर चार वर्षांपर्यंत बघत राहावं. दोन-तीन वर्षांचा अभ्यासक्रम एवढा लांब का, याचं माझ्या मते खरं कारण हेच आहे. पहिल्या वर्षी केलेले दात तिसऱ्या वर्षी परत येऊन समोर बसतात. दोन दिवसांच्या कार्यशाळेत दात परत येऊच शकत नाही.

पाऊलवाट:

आरसा यांचा प्रतिसाद फार मोलाचा आहे. पण दुसरी बाजूही मांडते, कारण हा धागा वाचून कुणाला वाटू नये की पूर्णवेळ शिकल्याशिवाय रूट कॅनालला हात लावूच नये.

मी साधी दंतवैद्य आहे, पंधरा वर्षं. घरची जबाबदारी अशी होती की दवाखाना सोडणं शक्यच नव्हतं. जगभरात बहुतेक रूट कॅनाल साध्या दंतवैद्यांच्याच हातून होतात. आणि ती व्हायला हवीत, कारण दुखणं रात्री अकराला येतं आणि विशेषज्ञ लांब असतो. कार्यशाळांतूनही मी बरंच शिकले. तिसऱ्या कार्यशाळेत एका शिक्षकांनी माझ्या रोटरी फाइलकडे बघून विचारलं, "ही कितव्यांदा वापरताय?" मला सांगता आलं नाही. निकेल-टायटॅनियमची फाईल दोन कारणांनी तुटते. टोक अडकतं आणि मोटर फिरवत राहते, तेव्हा पीळ पडून. आणि वाकलेल्या कॅनालमध्ये फिरताना प्रत्येक फेरीला धातू एका बाजूला ताणला आणि दुसऱ्या बाजूला दाबला जातो, तेव्हा थकून. पहिल्या प्रकारात पीळ सुटलेला कधीकधी दिसतो, दुसऱ्यात फाईल शेवटपर्यंत नवीनच दिसते. मी फाइलकडे बघून "चांगली आहे" म्हणत होते. त्या दिवसापासून प्रत्येक फाइलची नोंद ठेवते, आणि दहा नंबरची, अगदी बारीक, हातची फाईल टोकापर्यंत मोकळी गेल्याशिवाय मोटरला हात लावत नाही. एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा ते दोन दिवस सार्थकी लागले.

मात्र माझे निकाल कुठल्याही यंत्रापेक्षा जास्त कशानं बदलले असतील, तर रबर डॅमनं. बार्नम यांनी १८६४ मध्ये वापरलेली ती रबराची चौकोनी पट्टी. कॉलेजात शिकवली, दवाखान्यात आल्यावर सगळ्यांसारखी मीही सोडून दिली. "पेशंटला गुदमरतं," "वेळ जातो." आता लावायला मला दोन मिनिटं लागतात आणि त्यानंतरचा एक तास शांतपणे जातो. थुंकी आत येत नाही, औषध घशात जात नाही, फाईल निसटली तरी पोटात जात नाही.

तेव्हा निळीशाई, पूर्णवेळ जमत असेल तर जा. नसेल जमत तर अपराधी वाटून घेऊ नका, पण कुठला दात आपला आणि कुठला पुढे पाठवायचा हे ठरवायला शिका. अमेरिकन एन्डोडॉन्टिस्ट संघटनेचा अवघडपणा मोजायचा एक तक्ता आहे. मुळाचा बाक, कॅनाल एक्सरेत दिसतो का, तोंड किती उघडतं, आधी इलाज झालाय का, असं सगळं त्यात भरलं की दात सोपा, मध्यम की अवघड ते समजतं. मी तो तक्ता भूल देण्याआधी भरते. सुई टोचल्यावर माणूस माघार घेत नाही.

घरटे:

मी दंतवैद्य नाही, माझी दोन रूट कॅनाल झाली आहेत. दोन प्रश्न. एक, पल्प काढून टाकला, दात मेलाच, तर मग पुन्हा दुखतो कसा? दुसरं, आपला डॉक्टर यात शिकलेला आहे की नाही हे आमच्यासारख्यांनी कसं ओळखायचं? प्रमाणपत्रं तर भिंतभर असतात.

आरसा:

घरटे, चांगले प्रश्न. पहिल्याचं उत्तर १९६५ सालच्या एका प्रयोगात आहे. काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झगेराल्ड यांनी उंदरांच्या दाढांना भोक पाडून पल्प उघडा ठेवला. काही उंदीर साधे होते, काही पूर्ण जंतुमुक्त वातावरणात वाढवलेले. साध्या उंदरांचा पल्प सडला, मुळाशी पू झाला. जंतुमुक्त उंदरांच्या दातात अन्नाचे कण अडकले तरी पल्प जिवंत राहिला, आणि भोकावर नवं डेंटिन तयार होऊ लागलं. म्हणजे सगळा खेळ जंतूंचा. दातात जाणीव उरली नसली तरी मुळाच्या टोकाबाहेरचं हाड जिवंत असतं. एखाद्या न सापडलेल्या कॅनालमध्ये जंतू राहिले की तिथून ते हाडापर्यंत त्रास पोचवतात, आणि चावताना दुखतं ते तिथे.

दुसऱ्याचं उत्तर: तीन गोष्टी विचारा. रबर डॅम लावणार का? वर्षभरानं एक्सरेसाठी बोलावणार का? आणि हा दात तुम्हाला अवघड वाटला तर कुणाकडे पाठवाल? तिसऱ्या प्रश्नाला ज्याच्याकडे सरळ उत्तर आहे त्याच्याकडे मी स्वतः निश्चिंतपणे बसेन.

शांतपाऊस:

मी सध्या पूर्णवेळ अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आधी पाच वर्षं दवाखाना होता, तो मैत्रिणीकडे सोपवला. त्यामुळे निळीशाईंचा प्रश्न मला अगदी जवळचा वाटला.

मी आले ती फाईल आणि मायक्रोस्कोप शिकायला. सगळ्यात जास्त शिकले निदान. एक आजोबा खालची दाढ दुखते म्हणून आले, बोट तिच्यावरच ठेवत होते. त्या दाढेत मोठं फिलिंगही होतं. पूर्वीची मी भूल देऊन दाढ उघडून मोकळी झाले असते. मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, थंड चाचणी सगळ्या दातांवर कर, वरच्याही. खालच्या दाढेला गार लागलं आणि लगेच ओसरलं. वरच्या दाढेला लावल्यावर आजोबांनी खुर्चीचा हात घट्ट पकडला आणि कळ मिनिटभर राहिली. दुखणं वरचं, जाणवत होतं खाली. खालच्या त्या दाढेला आम्ही हात लावला नाही.

तसंच प्रोबचं. दाताभोवती प्रोब (हिरडीची खोली मोजायची सळई) चालवत गेलं की सगळीकडे दोन-तीन मिलिमीटर, आणि एकाच अरुंद जागी अचानक नऊ-दहा. तिथे मूळ उभं चिरलेलं असण्याची शंका घ्यायची. चिरलेल्या मुळाचं कितीही सुंदर रूट कॅनाल केलं तरी दात जातो. "याचं रूट कॅनाल करू नका" असं सांगणं हाही या शिक्षणाचा भाग आहे, हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं.

आणि एक प्रसंग. माझ्या शेजारच्या खुर्चीवर सहकाऱ्याच्या हातून हायपोक्लोराइट मुळाच्या टोकाबाहेर गेलं. पेशंट एकदम ओरडला, काही मिनिटांत गाल सुजला, कॅनालमधून रक्त येऊ लागलं. सहकारी पांढराफटक पडला. मॅडम आल्या, आधी पेशंटच्या खांद्यावर हात ठेवला आणि काय झालंय, आता काय होईल, सूज वाढेल, निळं पडेल, मग उतरेल, हे सगळं न लपवता सांगितलं. सलाईननं धुतलं, बर्फाचा शेक दिला, औषधं लिहिली, आणि त्या रात्री स्वतः फोन केला. पुढचे काही दिवस रोज. दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना पाण्यानं भरलेल्या सिरिंज देऊन बसवलं. सुईचं तोंड बाजूला हवं, ती कॅनालमध्ये कुठेही अडकता कामा नये, मुळाच्या लांबीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर अलीकडे थांबायची, आणि दट्ट्या अंगठ्यानं ढकलायचा नाही, तर्जनीनं. अंगठ्यात जोर जास्त असतो. तासभर तेवढंच केलं. आता मला अंगठ्यानं दाबताच येत नाही.

अडचणीही सांगते. उत्पन्न थांबतं, घरच्यांना समजावावं लागतं, आणि रात्री शोधनिबंध वाचताना झोप येते. पूर्वी जी दाढ मी पाऊण तासात संपवायचे, तिला आता दोन बैठका लागतात. सुरुवातीला वाटायचं, मी मागेच चालले आहे.

निळीशाई:

शांतपाऊस, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आरसा, एक विचारते: फक्त मायक्रोस्कोप घेतला आणि घरीच सराव केला तर कितपत जमेल?

आरसा:

अमेरिकेत १९९८ पासून विशेष अभ्यासक्रमांत मायक्रोस्कोपचं शिक्षण सक्तीचं झालं, त्यावरून त्याचं महत्त्व लक्षात येईल. पण तो घेऊन कापडाखाली झाकून ठेवलेले दवाखाने मी पाहिले आहेत. पाठ ताठ, डोळे भिंगाला, हात आरशात उलट दिसतायत, आणि दात हलवायचा नाही: हे अंगवळणी पडायला काही महिने लागतात, आणि त्या काळात कामाचा वेग निम्म्यावर येतो. आधी चांगले लूप्स (चष्म्यावरची भिंगं) आणि डोक्यावरचा दिवा घ्या. आणि पेशंटच्या आधी काढलेल्या दातांवर बसा. वरच्या पहिल्या दाढा जमवा, जितक्या मिळतील तितक्या. प्रत्येक उघडण्याआधी कागदावर लिहा: मला किती कॅनाल अपेक्षित आहेत, कुठे. मग उघडा, मग कापा. कागद फाडू नका.

पाऊलवाट:

अनुमोदन. कागदाची कल्पना मीही उचलते आहे.

निळीशाई:

थोडा उशीर झाला परत यायला.

तीन रविवार बसले. बारा दाढा होत्या, सगळ्या वरच्या पहिल्या. कागदावर आधी लिहिलं, मग उघडल्या, आरसा म्हणाले तशी तळाची रेघ शोधली. तीन ठिकाणी रेघ हरवली आणि तिथे मी थांबले. मग मुळं कापली. पुढच्या गालाकडच्या मुळात दुसरा कॅनाल आठ दाढांत निघाला. मला दात उघडल्यावर पाचच सापडले होते. एका दाढेच्या कागदावर मी "नक्की तीन" असं लिहून खाली रेघ ओढली होती. तिच्या चकतीत दोन छिद्रं आहेत, मध्ये एक पांढरी फट, आणि दुसऱ्या छिद्रात काळपट गाळ. ती चकती टेबलावर काचेच्या झाकणाखाली ठेवली आहे.

पूर्णवेळ अभ्यासक्रमासाठी अर्ज करायचं ठरवलं. घरी बोलणं झालं. दवाखान्याचं बघू.

पण त्याआधी एक काम सुरू केलंय. गेल्या दोन वर्षांत केलेल्या सगळ्या दाढांची यादी काढली आणि एकेका पेशंटला एक्सरेसाठी फोन करते आहे. पैसे घेणार नाही असं सांगितलं, तरी अर्धे जण म्हणतात, काही दुखत नाही, कशाला येऊ. त्यांना काय सांगून बोलवायचं, हे अनुभवी लोकांनी सुचवा. पहिले गृहस्थ सोमवारी येणार आहेत. खालची पहिली दाढ आहे, तीन कॅनाल भरलेले. मागच्या मुळात दुसरा कॅनाल शोधला होता की नाही, ते माझ्या केस पेपरवर कुठेच लिहिलेलं नाही.